तक्त्यात नसलेला रकाना

अगं, किती दिवस चालणार आहे तुझं हे? रात्रीची आवराआवर झाली की मोबाइल घेऊन बसतेस, एकेका फ्रीजखालच्या ‘तुलना करा’वर बोट ठेवतेस, चार-चार फ्रीज शेजारी शेजारी उभे करतेस आणि बाराच्या सुमारास वैतागून झोपतेस. जुना फ्रीज आहे तसाच घरघरतोय. तुझा नीरज परवा मला म्हणाला, ‘ताई, तुम्हीच सांगा तिला, मी बोललो की वाद होतो.’ म्हणून हा एवढा लांबलचक मजकूर. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

आधी एक स्पष्ट करते. ही ऑनलाइन तुलनेची, निवडीची साधनं वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या आईने पहिला फ्रीज घेतला तेव्हा दुकानदाराने जे दोन दाखवले त्यातला एक घरी आला. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं, तिला दुसरा पर्यायच नव्हता. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या जेराल्ड हॉइबल आणि व्हॅलरी ट्रिफ्ट्स या दोघांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना ऑनलाइन खरेदीसाठी दोन साधनं दिली, एक शिफारस करणारं आणि एक तुलनेचा तक्ता मांडणारं. ज्यांच्या हाती ती होती त्यांनी कमी वस्तू चाळल्या आणि तरी निवड जास्त चांगली केली. म्हणजे साधन कष्ट वाचवतं, हे खरं आहे. मग तुझे का वाढले?

त्याचं उत्तरही हॉइबलकडेच आहे. तीन वर्षांनी त्यांनी काइल मरे यांच्याबरोबर दुसरा प्रयोग केला, डोंगरात न्यायच्या तंबूंचा. शिफारस करणाऱ्या साधनाने तंबूबद्दल काही गोष्टी विचारल्या, काही विचारल्याच नाहीत. कोणत्या विचारायच्या हे प्रयोग करणाऱ्यांनीच ठरवलं होतं. तर ज्या गोष्टी साधनाने विचारल्या, त्याच लोकांना महत्त्वाच्या वाटायला लागल्या. त्याहून गंमत म्हणजे नंतर साधन काढून घेतलं तरी ती आवडनिवड त्यांच्या डोक्यात तशीच राहिली. आपल्याला काय हवं ते साधन विचारतंय असं वाटत असतं, आणि विचारता विचारता काय हवं असायला पाहिजे तेही ते ठरवून टाकतं.

आता तुझा तक्ता आठव. लिटर किती, स्टार किती, दरवाजे किती, रंग कोणता, फ्रीझरचा फ्रीज करता येतो का, वायफाय आहे का. महिन्यापूर्वी तुला फ्रीजला वायफाय असतं हे ठाऊक तरी होतं का गं? आणि आता वायफाय नसलेला फ्रीज तुला एका गुणाने कमी वाटतो.

तक्त्यात काय नाही ते मी सांगते, कारण चिपळूणचं तुझं घर मला माहीत आहे. 2021च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा तुमच्या तळमजल्यावरचं सामान वर नेताना काय धावपळ झाली होती! दोन माणसांना त्या अरुंद जिन्यातून उचलून नेता येईल का, हा तुझ्या घरातला पहिला प्रश्न आहे, आणि तो रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. वजन दिलेलं असतं, पण अगदी खाली, बारीक अक्षरात, जिथे तू कधी पोचतच नाहीस. दुसरं, मामंजी रविवारी मासळी आणतात. तुला फ्रीझर नुसता मोठा असून भागणार नाही, सुरमईचे तुकडे एका बाजूला आणि बर्फ दुसऱ्या बाजूला असा वेगळा ठेवता आला पाहिजे, नाहीतर पाहुण्यांच्या सरबताला वास. तिसरं, पावसाळ्यात वीज येते-जाते, दाब वर-खाली होतो. चौथं, सासूबाईंची कंबर. भाजीचा खण अगदी जमिनीलगत असेल तर दिवसातून दहा वेळा त्या वाकणार. आणि पाचवं, सगळ्यात मोठं: बिघडला तर दुरुस्तीला माणूस येणार कुठून? बाजारपेठेतून येणार की ‘आमचा तंत्रज्ञ रत्नागिरीहून निघेल’ असा निरोप येणार?

हे सगळं कागदावर लिही. खरंच कागदावर, मोबाइलमध्ये नको, कारण मोबाइल हातात घेतलास की बोट आपोआप तिकडेच जातं. लिहून झालं की त्यातल्या दोन गोष्टींखाली रेघ मार, ज्या नसतील तर फ्रीज फुकट दिला तरी नको. मग साधन उघड. वजनाची आणि उंचीची चाळणी आधी लाव, स्टारची नंतर. बघ यादी कशी झरझर खाली येते ते.

तू म्हणशील, पर्यायच एवढे आहेत म्हणून गोंधळ होतो. तसं सगळेच म्हणतात, आणि त्यामागे एक गाजलेला प्रयोगही आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात जॅमचं टेबल मांडलं. कधी 24 प्रकार, कधी फक्त 6. चोवीस जॅमपाशी जास्त लोक थांबले, शंभरातले साठ. पण थांबलेल्यांपैकी विकत घेतला शंभरातल्या तिघांनी. सहा जॅमपाशी थांबलेल्यांपैकी तिसांनी घेतला. हा प्रयोग 2000 साली छापून आला आणि तेव्हापासून जो उठतो तो ‘जास्त पर्याय म्हणजे जास्त दुःख’ असं सांगत सुटतो. पण 2010 साली बेंजामिन शायबेहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला! कुठे गोंधळ झाला होता, कुठे उलट फायदा. मग 2015 साली अलेक्झांडर चेर्नेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं की गोंधळ नेमका कधी होतो. त्यांना सापडलेल्या कारणांपैकी एक तुझ्यासाठी: आपल्याला काय हवं हे ज्याचं त्यालाच पक्कं नसतं, तेव्हा. ज्याला पक्कं माहीत आहे त्याच्यापुढे पाचशे फ्रीज उभे केले तरी बिघडत नाही. म्हणून तो कागद.

आता तुझा स्वभाव. लहानपणी दिवाळीचा फ्रॉक घ्यायला गेलो की तू सगळं दुकान खाली काढायला लावायचीस आणि घरी आल्यावर ‘तो पिवळाच घ्यायला हवा होता’ म्हणून रडायचीस. अशा माणसांवरही अभ्यास झालाय. अमेरिकेत पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची नोकरी शोधतानाची पाहणी अय्यंगार, वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांनी 2006 साली मांडली. जे ‘सर्वांत उत्तमच हवं’ म्हणून शोधत राहिले त्यांना पगार मिळाला सुमारे वीस टक्के जास्त, आणि समाधान मिळालं कमी. श्रीमंत आणि चिडचिडे. हर्बर्ट सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी, 1956 साली वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं की माणसाने पुरेसं चांगलं म्हणजे किती ते आधी ठरवावं आणि तसं पहिलं दिसलं की थांबावं. पुढे त्याला नोबेल मिळालं. आपल्या आजीला नाही मिळालं. तीही हेच म्हणायची.

स्टारचं म्हणशील तर दोन वेगवेगळे स्टार आहेत आणि तू दोन्ही एकत्र करतेस. एक बीईईचे, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे. ते मोजमापाचे आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेव. पण नुसते तारे मोजू नकोस. त्या पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागते तो आकडा छापलेला असतो आणि कोणत्या काळासाठीची पट्टी आहे तेही असतं. निकष मधूनमधून कडक करतात, त्यामुळे जुना पाच स्टारवाला नव्या हिशेबात चारचा होऊ शकतो. दुकानात जुना माल उभा असेल तर हे बघायचं. आता समज, तीन स्टारवाला वर्षाला 220 युनिट घेतो आणि चार स्टारवाला 180. फरक 40 युनिटचा. युनिट दहा रुपयाला धरलं तर वर्षाला चारशे रुपये. चार स्टारवाला चार हजारांनी महाग असेल तर वसुलीला दहा वर्षं. महाग नसेल तर डोळे मिटून घे. हा हिशेब पाटीवर होतो, त्याला रात्र जागवायची गरज नाही.

दुसरे तारे लोकांनी दिलेले. त्यांच्याकडे जरा तिरक्या नजरेने बघ. लिहितात कोण? ज्यांना फार आवडलं ते आणि ज्यांचं टाळकं सरकलं ते. मधली माणसं जेवून झोपतात. शिवाय बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच लिहितात, खोका उघडल्याच्या आनंदात. ‘डिलिव्हरी लवकर आली, पाच स्टार.’ अगं, फ्रीज दहा वर्षं चालायचाय, टेम्पो वेळेवर आला याचं काय घेऊन बसलीस? तीन आणि दोन स्टारवाले अभिप्राय वाच, आणि तेही सहा महिने वापरून लिहिलेले. त्यांत कामाची माहिती असते. भारतीय मानक ब्युरोने 2022च्या नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणलंय, आयएस 19000, पण ते ऐच्छिक म्हणून लागू झालं. तेव्हा चाळणी आपल्याच हातात ठेवायची.

आणि समाधानाच्या त्या प्रश्नावल्या! खरेदी झाली की लगेच विचारतात, ‘आमची शिफारस मित्राला कराल का? 0 ते 10 मध्ये सांगा.’ ही पद्धत फ्रेड रायकेल्ड यांनी 2003 साली मांडली आणि जगभर पसरली. तिचा हिशेब असा की 9 आणि 10 वाले खूश, 0 ते 6 वाले नाराज, आणि 7-8 वाले कुणीच नाहीत. ते ना बेरजेत, ना वजाबाकीत. आता आपल्याकडे बघ. आपल्या नानांना जेवण कसं झालं विचारलं तर कौतुकाचा कळस म्हणजे ‘बरं झालं होतं’. शाळेत दहापैकी सात मिळाले की पेढे. अशा माणसाने मनापासून सात दिले तर तो हिशेबातून गायब, आणि सहा दिले तर शत्रूच्या यादीत. म्हणून एखाद्या साधनावर ‘इतके टक्के ग्राहक समाधानी’ असं लिहिलेलं दिसलं की मी एवढंच विचारते, कधी विचारलंत? बटण दाबल्यावर लगेच की दोन पावसाळे गेल्यावर? पहिल्यात वापरायला सोपं गेलं का ते कळतं, निवड बरोबर होती का ते कळत नाही. (दारावर आलेला मुलगा ‘ताई, पाच स्टार द्या ना’ म्हणतो ना, त्याला मात्र देऊन टाक. त्याच्या पोटाचा प्रश्न असतो.)

घाई करणाऱ्या पाट्यांबद्दल थोडक्यात. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘आत्ता सतरा जण हेच पाहत आहेत’, नको म्हणायचं बटण ‘नाही, मला बचत नको’ असं लिहिलेलं, टोपलीत आपोआप येऊन बसलेली जादा वॉरंटी. अशा तेरा प्रकारच्या फसव्या मांडणीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक सूचना काढून मनाई केली आहे. दिसलं तर स्क्रीनचा फोटो काढून ठेव, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पैसे भरण्याआधी टोपली वरपासून खालपर्यंत वाचायची सवय लाव, बस.

फ्रीजमध्ये चुकलं तर काही हजारांत भागतं. मला खरी काळजी आहे ती तू पुढच्या महिन्यात करणार आहेस त्याची, सासूबाई-मामंजींच्या आरोग्यविम्याची. तिथेही तू असाच तक्ता उघडशील आणि तो तुला स्वस्त ते वर असं लावून दाखवेल. हप्त्याचा आकडा ठळक, मोठा. बाकी सगळं ‘अधिक माहिती’च्या आत. आणि आकडा दाखवण्याआधीच मोबाइल नंबर मागतात. दिलास की दुपारच्या झोपेचं विसर.

तिथे कागदावर काय लिहायचं ते सांगते. एक, खोलीभाड्याची मर्यादा. समज पॉलिसीत दिवसाला पाच हजारांची मर्यादा आहे आणि दवाखान्यात दहा हजारांची खोली मिळाली. तुला वाटेल वरचे पाच हजार आपण भरू. तसं नसतं. अनेक पॉलिसींत त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च असा संबंधित बिलाचा भागही कापला जातो. अर्धं भाडं बसलं तर तोही अर्धाच. हे तक्त्यात एका टिकमार्कमागे दडलेलं असतं. दोन, मामंजींची साखर आणि सासूबाईंचं ब्लडप्रेशर. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो, आधी तो चार होता. कुठे तीन, कुठे कमी, त्यासाठी जास्तीचे पैसे किती, हे विचार. आणि अर्जात दोन्ही आजार लिहायचे म्हणजे लिहायचे. फोनवरचा माणूस ‘मॅडम, गोळी एकच चालू आहे ना, मग नको लिहू या’ म्हणाला तर तिथेच फोन ठेव. हप्ता कमी दिसेल म्हणून त्याने लपवलं तरी दाव्याच्या वेळी उत्तर तुलाच द्यावं लागेल. तीन, दर बिलातला काही टक्के वाटा आपण भरायची अट. ज्येष्ठांच्या पॉलिसीत ती असतेच असं नाही, पण असते पुष्कळदा, आणि हप्ता स्वस्त दिसण्याचं ते एक मोठं कारण असतं. चार, चिपळूणमधल्या आणि कराड-कोल्हापूरच्या कोणत्या दवाखान्यांत रोख न भरता उपचार होतात त्याची यादी. देशभर हजारो दवाखाने आहेत या जाहिरातीचा तुला काय उपयोग, रात्री दोनला तुला गाडी काढून जायचंय कुठे ते बघ.

पॉलिसीचा कागद हातात आला की तीस दिवस मिळतात. तेवढ्यात वाचून पटलं नाही तर परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे परत येतात. बहुतेक लोक तो कागद कपाटात साड्यांखाली ठेवतात. तू आणि नीरज एका रविवारी बसा आणि नावं, जन्मतारखा, आजार, सगळं अर्जाशी ताडून पाहा. हे तीस दिवस मन बदलण्यासाठी नाहीत, वाचण्यासाठी आहेत.

तुला पार्ल्याची आत्या आठवते? ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. 1975 साली सुरू झालेली ही संस्था. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करायची, महिन्याची यादी भरायची, माल एकत्र यायचा आणि कुणाच्या तरी घरी वाटप व्हायचं. यादीत निवड फारशी नसायची. पण आत्या त्या पोह्यांवर, त्या डाळीवर कशी समाधानी असायची! मला वाटतं त्याचं कारण साधं होतं. तिच्यासाठी निवड कोण करतंय हे तिला ठाऊक होतं, आणि निवडणारीही तेच पोहे खाणार होती. तुझ्या मोबाइलमधली यादी कुणी लावली, वर असायचे पैसे कुणी दिले, हे तुला ठाऊक नाही. ‘प्रायोजित’ असं फिकट अक्षरात लिहिलेलं असतं तेवढं तरी बघत जा. हल्ली ते प्रश्नाला उत्तर देणारे चॅटबॉट निघालेत, तेही छान गोड बोलतात, ‘तुमच्या गरजेनुसार हा उत्तम.’ विचार त्यांनाही, हरकत नाही, पण मॉडेलचा नंबर घेऊन युनिटचा आकडा पट्टीवर स्वतः वाच.

शेवटची गोष्ट, आणि ही तुला जड जाणार आहे. फ्रीज घेतलास की त्या दिवसापासून किंमत बघायची नाही. डॅनिएल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांतलं एक ठेवायला सांगितलं होतं. काहींना म्हटलं, मन बदललं तर नंतर बदलून घ्या. काहींना म्हटलं, आता दिलं ते दिलं. ज्यांना बदलायची मुभा होती त्यांना आपलं छायाचित्र कमी आवडलं. आणि तरीही आधी विचारलं तर लोक मुभाच मागतात. परतीच्या मुदतीत फ्रीज नीट गार होतो का, आवाज करतो का, दार सरळ लागतं का, एवढं तपासायचं. त्यापुढे ते ॲप काढून टाक. दिवाळीच्या सेलमध्ये तोच फ्रीज दोन हजारांनी स्वस्त झाला तर मला कळवू नकोस, आणि स्वतःलाही कळू देऊ नकोस. स्थळ पसंत करून लग्न लागल्यावर कुणी विवाहमंडळाची वही चाळत बसत नाही.

तर आता कामाचं. जिन्याची रुंदी मोज, वळणावरची वेगळी. ओट्याशेजारच्या जागेची रुंदी, उंची, खोली मोज, मागे हवेसाठी चार बोटं सोडून, आणि दार कोणत्या बाजूला उघडायला हवं ते बघ. सासूबाईंना भाजीच्या खणापाशी उभं करून विचार, हात कुठवर सहज जातो. बाजारपेठेतल्या ज्या दुकानातून तुम्ही मिक्सर घेतला त्यांना फोन करून विचार, कोणत्या कंपनीचा दुरुस्तीवाला चिपळुणातच राहतो. एवढं शनिवारपर्यंत मला पाठव. रविवारी तुझे भावजी घरी आहेत, ते ऑनलाइन भाव बघतील आणि तू दुकानात भाव विचार. शंभर-दोनशेचाच फरक असेल तर दुकानातूनच घे, दोन माणसं वर चढवून देतील.